जुनी वॅगन आर ठेवावी की नवी गाडी घ्यावी?

आपली 2008 ची वॅगन आर सुस्थितीत असताना केवळ मायलेजसाठी नवी गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. यावल तालुक्यातील आमच्या घरी 2007 ची आणि 2022 ची अशा दोन वॅगन आर आहेत आणि दोन्ही मी नियमित चालवतो.

मायलेजचा हिशेब सोपा आहे. जुनी गाडी लिटरला 15, तर नवी 20 किलोमीटर देते. वर्षाला 8,000 किलोमीटर धावणे धरले, तरी सुमारे 133 लिटर पेट्रोल, म्हणजे 105 रुपये दराने 14 हजार रुपये वाचतात. तेवढ्यासाठी सहा-सात लाख घालू नयेत.

खरा फरक ब्रेकचा आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी चिकण माती डांबरावर येते. सावद्याजवळ अशाच रस्त्यावर पुढचा केळीचा ट्रक अचानक थांबला, तेव्हा जुन्या गाडीची चाके जाम झाली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही ती सरळ घसरत जाऊन ट्रकच्या हातभर अलीकडे थांबली. मागे आई बसली होती. पुढे तशाच चिखलात नव्या गाडीचा ब्रेक करकचून दाबला, तर पेडल पायाखाली थरथरले, पण गाडी बाजूला काढता आली. चाक जाम होऊ लागताच नव्या गाडीतली एबीएस ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते. चाक फिरत राहिले तरच गाडी वळते. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. आपल्या गाडीत बहुधा ते नसेल, एअरबॅगही नसतील.

जुन्या गाडीचा पत्रा जाड म्हणून ती अधिक सुरक्षित, हा समज आपल्याकडे फार आहे, पण तो मला पटत नाही. धडकेचा जोर पुढच्या भागाने चुरगळून शोषून घ्यावा आणि माणसे बसतात तो भाग शाबूत राहावा, हे महत्त्वाचे. मात्र नवी म्हणजे सुरक्षितच, असेही नाही: 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत वॅगन आरला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. त्यामुळे आज मी घेतली असती, तर तारे पाहूनच घेतली असती.

शेतात आणि गावात मी आजही जुनीच नेतो, कारण गावचा मेकॅनिक ती तासाभरात दुरुस्त करतो. महामार्गावर आणि कन्नड घाटात मात्र ती नेणे मी बंद केले आहे. आपले कुटुंब महामार्गावरून वारंवार जात असेल, तर बदला. नसेल, तर ठेवा. ठेवलीत, तर पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि ते जुने रबर खराब करू शकते, म्हणून इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या.