ताटाखालचा चौरंग

प्रिय पोरी,

'पीएसपीचा (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, मेंदूचा वाढतच जाणारा आजार) पेशंट बिघडतच जाणार, मग त्याला व्यायाम शिकवून उपयोग काय?' असं तू परवा विचारलंस आणि मी फोनवर उत्तर टाळलं. सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागली असती.

फिजिओथेरपिस्टच्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक निवृत्त मास्तर यायचे. कागदावर 'पार्किन्सन्स' लिहिलेलं. मान ताठ, चाल मंद, आणि सारखे पडायचे, तेही मागच्या मागे. मी त्यांना हलका ॲल्युमिनियमचा वॉकर दिला. आठ दिवसांत ते वॉकर अंगावर घेऊन उताणे पडले, डोक्याला टाके. न्यूरोलॉजिस्टनी नजर तपासली, तर बुबुळं खाली वळतच नव्हती. सुरुवातीपासून पडणं, खाली बघता न येणं, पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपाच्या गोळ्यांनी फारसा फरक नाही. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ साली ९ रुग्णांवरून मांडलेला हाच पीएसपी माझ्यासमोर खुर्चीत बसला होता आणि मी वॉकरची उंची मोजत होते. अशा माणसाला पुढच्या बाजूला वजन असलेला वॉकर लागतो, हे मला तेव्हा कळलं.

आता ताटाचं ऐक. मास्तरांच्या शर्टावर रोज आमटी सांडायची. सून म्हणायची, मुद्दाम करतात. खरं तर त्यांना ताटच दिसत नव्हतं! रोजची कामं सोपी करून देणाऱ्या आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं जेवणाच्या टेबलावर चौरंग ठेवून त्यावर ताट मांडायला लावलं. घरातलं निम्मं भांडण तिथेच मिटलं.

पण त्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टनं सांगितलं, हनुवटी छातीकडे घेऊन गिळा. मी सांगत होते, मान सरळ ठेवा. आहारतज्ज्ञांनी 'पातळ पदार्थ भरपूर' लिहून दिलं होतं, आणि मास्तरांना ठसका लागायचा तो नेमका पाणी, चहा, ताक यांनीच. चौघांचे चार कागद फ्रिजवर चिकटवलेले. एक दिवस मास्तरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "यातलं कुणाचं ऐकू, ते तुम्ही आपसात ठरवून मला एकदाच सांगा ना."

आमची टीम त्या दिवशी झाली. तोवर नुसते चार जण एका पेशंटला बघत होतो. दर गुरुवारी पंधरा मिनिटं, काकूंना बरोबर घेऊन, आणि शेवटी एकच कागद, तोही काकूंच्या अक्षरातला. मास्तर खुर्चीतून अचानक ताडकन उठायचे. 'उठू नका' म्हणून ओरडून फायदा नव्हता, कारण स्वतःला आवरणंच या आजारात ढिलं पडतं. नर्सनं उठण्याच्या वेळा टिपल्या. बहुतेकदा लघवीची घाई असायची. मग त्याआधीच त्यांना न्यायला सुरुवात केली आणि पडणं कमी झालं. माझे व्यायाम यात कुठे? काकूंना धरायचं कसं हे शिकवण्यात, मास्तरांना बसण्याआधी पूर्ण वळायला लावण्यात.

आजार थांबला नाही, थांबत नाही. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया यात अनेकांचा शेवट करतो, म्हणून थेट पोटात अन्न देणाऱ्या नळीचं बोलणं माणूस स्वतः होय-नाही सांगू शकतो तेव्हाच काढायचं. आम्ही उशीर केला. मास्तरांचं उत्तर आम्हाला अंगठ्याच्या हालचालीवरून ताडावं लागलं आणि ते बरोबर ताडलं का, याची रुखरुख मला अजून आहे.

मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच भेटीत बोलाव. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दीर्घकालीन मेंदू-मज्जासंस्थेचे आजार आहेत. दाखल्याची धावपळ तिला ठाऊक असते, आपल्याला नसते.

तुझ्या त्या पेशंटच्या घरी गुरुवारी जाशील तेव्हा टेप घेऊन जा, चौरंगाची उंची मोजायला. आणि व्यायामाचा कागद पिशवीतून काढण्याआधी त्यांच्या बायकोला विचार, तिची कंबर कशी आहे.

तुझी,
मॅडम