पॉप-अप हेडलाइट काढून नवा फ्रंट बसवायचाय, गाडी पुण्याला न्यावी का?

तुमची गाडी जुनी माझदा एमएक्स-५, एका बाजूचा पॉप-अप दिवा वर येत नाही, म्हणून दोन्ही काढून फायबरचा फ्रंट आणि फिक्स दिवे करायचेत, खर्च किती, आणि हे बेळगावात होईल का की पुणे-बेंगळुरू गाठावं, असं विचारलंय. शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. होतं की बेळगावात. उद्यमबागेत आम्ही केलंय.

मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना घडवणारा, वडीलही तेच करायचे. पंपाच्या बॉडीची, गिअरबॉक्सच्या केसिंगची पॅटर्न सागवानात घडवायची, बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं तेवढं माप आधीच वाढवायचं, साच्यातून अलगद सुटावं म्हणून ड्राफ्ट, म्हणजे कडांना किंचित उतार, द्यायचा, हे आमचं रोजचं. म्हापशाचे एक गृहस्थ इंग्लंडमधनं परतताना हीच गाडी घेऊन आलेले. माझा चुलतभाऊ पुण्यात असतो, त्याच्या ओळखीने त्यांनी तिथल्या एका गॅरेजात फ्रंट करून घेतला. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं इकडे आण, तर म्हणाला, बेळगावात फौंड्रीवाले आहेत, त्यांना गाडीतलं काय कळतंय. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

फ्रंट दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. पेंट आरशासारखा. पण चोर्ला घाटातनं रात्री पावसात बेळगावला येताना समोरचा प्रत्येक ट्रकवाला त्यांना डिपर मारत होता आणि ह्यांना स्वतःला डावीकडची साइडपट्टी दिसत नव्हती. गाडी माझ्याकडे आली तेव्हा गोडाऊनच्या भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. कटऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, उजवीकडे वर चढलेला, म्हणजे प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) अमेरिकेसारख्या, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशाचा. आपल्याकडे उजेडाची पायरी डावीकडे चढली पाहिजे, नाहीतर सगळा झोत समोरच्याच्या डोळ्यात. बॉनेट उघडलं तर दिवे थेट फायबरलाच स्क्रू मारून सिलिकॉनने चिकटवलेले, खालीवर करायला अ‍ॅडजस्टर नाहीच. दिव्याशेजारी अंगठ्याने जरा दाबलं तर फायबर लवायचं आणि भिंतीवरचा उजेड हातभर वरखाली व्हायचा. उभ्या गाडीत ही गत, मग खड्ड्यात काय होत असेल बघा. शिवाय रेडिएटरचं तोंड अरुंद केलेलं, का तर शेप चांगला दिसतो म्हणून, त्यामुळे वंटमुरी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर जायचा.

आम्ही तो फ्रंट काढून ठेवला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी दिवा, मग शेप. चासीच्या मूळच्या भोकांना बोल्ट मारून लोखंडी ब्रॅकेट केले, त्यावर डाव्या ट्रॅफिकचे ९० मिलिमीटरचे प्रोजेक्टर तीन पॉइंटच्या अ‍ॅडजस्टरवर बसवले. टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर माणूस बसलेला, गाडी भिंतीपासून १० मीटरवर, आणि कटऑफ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली. हे जमल्यावरच त्या दिव्यांभोवती लाकूड आणि एमडीएफमध्ये फ्रंटचं पॅटर्न घडवलं, रेडिएटरचं तोंड कंपनीच्या मापाचं ठेवलं, फ्रंटच्या आतला बंपर बीम आहे तसा ठेवला (तो कापू देऊ नका, कुणीही काहीही सांगो). फायबरचं काम गोकाकच्या एका माणसाने केलं, तो बसचे शो, म्हणजे पुढचे दर्शनी भाग, बनवतो, मी मराठीत बोलायचो तो कन्नडात, आणि जेलकोट, म्हणजे फायबरचा सगळ्यात बाहेरचा थर, किती वाळू द्यायचा यावरनं भांडण सुद्धा आम्ही असंच दोन भाषांत केलं. त्याचंच बरोबर होतं, घाई केली असती तर आतल्या काचतंतूंच्या मॅटची जाळी पेंटमधनं वर दिसली असती.

चुलतभाऊ अजून म्हणतो की शेप आधी ठरवायचा असतो, डिझायनर तसंच करतात. अरे बाबा, पॉप-अप दिवे एवढे पसरले का? अमेरिकेत १९४० पासून सात इंची गोल सीलबंद दिव्याची सक्ती होती, उंचीचाही नियम होता, बुटक्या नाकात ते बसेना म्हणून दिवा लपवून वर काढायची युक्ती. म्हणजे तिथेही दिवा आधी आणि नाक नंतर.

आता तुमचं. खर्चाचा आकडा गाडी न बघता मी सांगणार नाही, पण पैसा पॅटर्न आणि पेंटमध्ये जातो, फायबर त्यात सगळ्यात स्वस्त. आणि हे आधीच लिहायला हवं होतं, एकच दिवा वर येत नसेल तर बहुतेक मोटर, रिले नाहीतर लिंकचं (मोटर आणि दिवा जोडणाऱ्या दांडीचं) दुखणं असतं. रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढा, बॉनेटखाली त्या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपी असते, ती काढून आतली घुंडी हाताने फिरवा. दिवा सरळ वर आला तर लिंक ठीक आहे, मोटर उघडून कॉन्टॅक्ट साफ करा. दिवा स्वतः सात इंची गोलच आहे, बुलेटला आणि जुन्या जीपला बसतो त्या मापाचा, डाव्या ट्रॅफिकची काच आणि एच-४ बल्ब खडे बाजारात सुद्धा मिळेल. एवढ्याने काम भागत असेल तर गाडी कापू नका.

तरी फ्रंट करायचाच असेल तर आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आधी तिथे विचारून घ्या, आणि जुना फ्रंट आणि दिवे भंगारात घालू नका, काम बोल्टवर करून घ्या, वेल्डिंगवर नको, म्हणजे मूळचं परत बसवता येतं.

आणि पुण्याला न्यायचीच असेल तर खुशाल न्या, चांगली माणसं तिथेही आहेत. फक्त गॅरेजवाल्याला पेंटचे फोटो मागू नका. त्याने केलेली एखादी गाडी रात्री भिंतीसमोर लावायला सांगा आणि दिव्याशेजारी अंगठा दाबून बघा.