बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव कुठे शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातले पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत. घरात एक चांदीचं पदक आहे. युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ‘जाधव’ टाकून हाती काही लागलं नाही, आणि गावच्या नव्या स्मारकावर त्यांचं नाव कोरायचं आहे.

आडनावापासून सुरुवात करू नका, पदकापासून करा. ३६ मिलिमीटर व्यासाच्या त्या पदकाच्या (बहुधा ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या) कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. आधी एक विनंती: त्याला पीतांबरी, चिंच, राख काहीही लावू नका. कडेची अक्षरं उथळ असतात. दर दसऱ्याला पूजेत घासलं गेलेलं पदक कडेला गुळगुळीत होतं आणि मग क्रमांक कायमचा जातो. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने तिरका धरा, पदक थोडंथोडं फिरवत कडेचे आठ-दहा फोटो घ्या. सावलीत अक्षरं उठून दिसतात. हेच ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं नसून काशाचं निघालं, तर माणूस बहुधा लेबर कोअरमध्ये (लष्कराच्या मजूर तुकडीत) किंवा लष्कराबरोबरच्या इतर कामगारांत होता; मग पलटणीत शोधून उपयोग नाही. घरातली जुनी भांडीही बघा. मृताच्या वारसाला साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी मिळत असे, तिच्यावर नाव असतं, पण क्रमांक आणि हुद्दा नसतो.

त्या काळी मराठा पलटणी सहा होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांपैकी १०३, ११० आणि ११७ इराकमधल्या कूट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ला तिथे शरणागती झाली आणि पुढे कैदेत खूप माणसं मरण पावली. म्हणून घरी ‘सोळा साली वारले’ असं सांगत असले तरी शोध त्या एका वर्षापुरता ठेवू नका. कमिशन पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतं. आजाराने गेलेला सेवेतला शिपाईही त्यात येतो.

आता तुमचा शोध का फसला ते. हिंदी (म्हणजे भारतीय) शिपायाचं अख्खं नाव बहुधा आडनावाच्याच रकान्यात असतं, त्यामुळे ‘सखाराम जाधव’ फक्त ‘जाधव’ टाकून निघेलच असं नाही. शिवाय कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं: जाधवचं जाधाव, जादव, जादो, भोसलेचं भोन्सले, चव्हाणचं चौहान. स्पेलिंग बदलत बसण्यापेक्षा क्रमांक आणि पलटण टाका. क्रमांक नसेल तर पलटण आणि गाव. गाव तपासताना जुना जिल्हा लक्षात घ्या: आजच्या सांगलीतले बरेच तालुके तेव्हा साताऱ्यात होते, सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, रायगडचं नाव कुलाबा होतं. औंध, फलटण, भोर ही तर संस्थानं.

नोंद सापडली की तिथे बहुधा ‘बसरा मेमोरियल’ दिसेल. तिथे ४० हजारांहून जास्त माणसांचं स्मरण आहे. पण मन घट्ट करून वाचा: भिंतीवर ब्रिटिश शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार फक्त आकडे. त्यांची नावं नोंदवहीत राहिली. हा भेदभाव होता हे कमिशनने २०२१च्या अहवालात मान्य केलं आहे. म्हणून तुमच्या गावच्या दगडावर ते नाव यायलाच हवं. कदाचित दगडावर ते पहिल्यांदाच कोरलं जाईल.

(कोकणातल्या खलाशांच्या घरच्यांनी बसऱ्याऐवजी मुंबईचं स्मारक बघावं. समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची आठवण मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये जपली आहे. पुण्याच्या खडकी स्मशानभूमीत शोधायला बरेच जण जातात, पण परदेशात पडलेल्या मराठा शिपायाची नोंद तिथे नसते.)

कोरायच्या मजकुरात क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि तारीख असू द्या. पलटण तेव्हाच्याच नावाने लिहा, ‘११० मराठा’ अशी. १९२२ नंतरचे आकडे वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढच्या पिढीला नोंद जुळत नाही. नाव घरात म्हणतात तसंच शुद्ध मराठीत घ्या, नोंदीतलं चुकीचं स्पेलिंग देवनागरीत उतरवू नका. तारीख पक्की नसेल तर नुसतं वर्ष. दगड कारागिराकडे देण्यापूर्वी मजकूर कागदावर छापून भावकीतल्या दोन वयस्कर माणसांकडून वाचून घ्या आणि खाली चार-पाच नावं मावतील इतकी जागा मोकळी सोडा. एका घराने पदक बाहेर काढलं की गावातली आणखी दोन-तीन निघतातच.