गजकर्णाला गोळी आणि मलम दोन्ही एकदम घ्यावं का, की नुसतं मलम पुरे?

तुम्हाला डॉक्टरांनी इट्राकोनाझोलची कॅप्सूल आणि ल्युलिकोनाझोल मलम असं दोन्ही लिहून दिलंय आणि तुम्ही विचारताय की नुसत्या मलमावर भागेल का, कारण गोळ्यांनी लिव्हर जातं असं घरचे म्हणतात. नाही भागणार. जांघेपासून कंबरेपर्यंत आणि पाठीवर पसरलंय असं तुम्हीच लिहिलंय, तेवढ्या अंगाला ट्यूब पुरणार नाही आणि पाठीवर हात पोचणार नाही. रुपयाएवढा एखादा चट्टा असता तर मलम पुरलं असतं. पण ते "घरचे म्हणतात" वाचलं आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना, कारण आमच्याकडे ह्याच दोन शब्दांपायी दीड वर्ष गेलं.

मी चोपडा तालुक्यातला, केळी आहे आमची. मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री, आणि बागेत शिरलं की ठिबकमुळे दमट, शर्ट पिळला तर पाणी निघतं. पहिलं झालं मोठ्या भावाला, जांघेत. एकत्र कुटुंब, न्हाणीत खुंटीला एकच टॉवेल, दोन महिन्यात मला झालं, मग बायकोला, मग पुतण्याला. भाऊ म्हणे, "काही नही व्हत, ट्यूब लाव." ट्यूब म्हणजे मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते ती, चार औषधं एकात. दोन दिवसात खाज बंद, आम्ही खूश. बंद केली की आठ दिवसात परत, आणि दरवेळी आधीपेक्षा मोठं. शेवटी शेवटी तर चट्ट्याच्या आत दुसरा चट्टा, गोलात गोल, आणि जांघेतली कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे. ते पट्टे आजही आहेत, ते जाणार नाहीत.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याने कातडीची लढायची ताकदच दबते, म्हणून लाली जाते, खाज जाते, आणि गजकर्णाची बुरशी आतून आरामात पसरते. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत हा नियम सरकारने २०१८ मध्ये कडक केला, तरी गावात पान मागावं तशी मिळते. मी तर म्हणतो तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर आज फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा, किती दिवस लावली ते खरं सांगा आणि मग फेका.

ह्या सगळ्यात आमच्या आईने बायकोला बोल लावला. "हाई तुन्हा माहेरथून उनं." ती बिचारी स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यात काटेकोर. भाऊ समोर बसलेला, पहिलं त्यालाच झालं होतं हे त्याला पक्कं माहीत, पण एक शब्द बोलला नाही. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मग जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून काचेवर घेतली, थेंब टाकला, दुर्बिणीखाली पाहिलं आणि बुरशी दाखवली. गोळी आणि मलम दोन्ही का ते त्यांनी सांगितलं ते मला पटलं. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरात राहते आणि बारीक लवेच्या मुळाशीसुद्धा उतरते. मलम वरून थेट मारतं पण मुळाशी नीट पोचत नाही, गोळी रक्तातून आतल्या बाजूने पोचते, म्हणून पसरलेल्या किंवा परत परत येणाऱ्या गजकर्णाला दोन्हीकडून घेरायचं. आणि आपल्याकडे आता जी बुरशी फिरतेय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई, हे नाव २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दिलं, ती टर्बिनाफिन ह्या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या टर्बिनाफिनच्या गोळ्या घेऊन बघू नका.

मला सहा आठवडे दिलं होतं. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही. झालं काय होतं, आमच्याकडे शेवभाजी, भरीत, ठेचा रोजचं, त्यामुळे मी सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची कॅप्सूल घ्यायचो आणि त्याच्याबरोबरच उपाशीपोटी ही पण. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला पोटातलं ॲसिड लागतं, जेवणानंतर लगेच घ्यायची असते, नाहीतर अंगात शिरतच नाही. डॉक्टर चांगलेच रागावले. ॲसिडिटीची गोळी बंद केली, कॅप्सूल जेवणावर घ्यायला लागलो आणि पंधरा दिवसात कडा बसायला लागल्या. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं, कारण बुरशी कडेने पुढे सरकते, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. लिव्हरचं म्हणाल तर सुरू करण्याआधी आणि मध्ये एकदा रक्त तपासलं, नॉर्मल होतं.

बरा झालो आणि महिन्याभरात परत. कारण भाऊ! "गोया उष्ण पडतस" म्हणून त्याने एक कॅप्सूल घेतली नाही, ट्यूबच लावत राहिला. कंबरेचा काळा करदोडा डॉक्टरांनी सगळ्यांना काढायला सांगितला होता, कारण घामाने तो कायम ओला असतो आणि त्याच्याखाली बुरशी टिकून राहते, आम्ही काढले, त्याने नाही काढला. दादा, मी तुमच्याशी तेव्हा भांडलो ते करदोड्यासाठी नव्हतो भांडलो, घरातल्या बाईवर खोटा आळ आला आणि तुम्ही गप्प बसलात त्यासाठी भांडलो. दुसऱ्या वेळी मी टॉवेल, अंथरूण, बादली सगळं वेगळं केलं, बायको आणि पुतण्याची ट्रीटमेंट माझ्यासोबत एकाच दिवशी सुरू केली, तेव्हा कुठे गेलं. आणखी एक, आपल्याकडे बायका आतले कपडे लाजेने साडीखाली सावलीत वाळत घालतात, ते ओलसरच राहतात. बायकोला मी गच्चीवर उघड्या उन्हात दोरी बांधून दिली, उलटे करून वाळवायचे, आईला जे बोलायचं ते बोलू दे म्हटलं.

हे सगळं माझ्या अंगावरचं आहे, मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांचाच. हार्ट फेल्युअर असेल, कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिनसारखी गोळी चालू असेल, लिव्हरचा जुना त्रास असेल, किंवा घरातल्या बाईला दिवस गेले असतील तर इट्राकोनाझोल सुरू करण्याआधी ते सांगायलाच पाहिजे. बाकी कॅप्सूल स्वतःच्या मनाने सोडू नका. आणि घरात अजून कोण खाजवतंय ते तुम्ही लिहिलंच नाही, ते आज रात्री जेवताना सगळ्यांना विचारा.