हाँगकाँगची शाळा, झेंडा आणि इतिहास

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याहून हाँगकाँगला बदली होतेय, मुलगा आठवीत आहे, मुलगी पहिलीत. शाळा स्थानिक घ्यावी की इंटरनॅशनल, राजकारणाची झळ मुलांना लागते का आणि तिथे इतिहास कोणता शिकवतात, हे तुम्हाला हवंय.

शाळेआधी मुक्काम ठरवा. दोन-तीन वर्षांचीच बदली असेल तर स्थानिक शाळेच्या वाटेला जाऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळा बारा वर्षं फुकट आहेत हे खरं, पण प्राथमिकला बहुतेक ठिकाणी माध्यम कँटोनीज (हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी) आणि लिपी पारंपरिक चिनी. 'शिकणे' या एका अक्षराला 16 रेघा. मुख्य भूमीच्या, म्हणजे उरलेल्या चीनच्या, सोप्या लिपीत तेच 8 रेघांत होतं. डिक्टेशनचा मारा असतो, आणि रेघ चुकली की अक्षर चूक. घरात कुणालाच चिनी येत नसेल तर शिकवणी अटळ, तेव्हा तो खर्च 'फुकट'च्या हिशेबात आधीच धरा.

सात वर्षं सलग राहून कायम निवासाचा हक्क घ्यायचा विचार असेल तर मुलीसाठी स्थानिक शाळा जरूर बघा. त्या वयात भाषा कानावर पडूनच येते. मधल्या वर्गातल्या प्रवेशाला केंद्रीय वाटप नसतं. थेट शाळेकडे किंवा शिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयात अर्ज करायचा. नव्याने आलेल्या मुलांसाठी सहा महिन्यांचा पूर्णवेळ तयारी वर्गही असतो, त्याची चौकशी करा. शाळेने एक इयत्ता खाली घ्यायचं म्हटलं तर वाद घालू नका, त्यात मुलीचाच फायदा आहे.

मुलाचं गणित वेगळं. तेराव्या वर्षी शून्यापासून चिनी शिकून शालान्त परीक्षेला बसणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. सहा वर्षांपेक्षा कमी चिनी शिकलेल्यांना विद्यापीठप्रवेशासाठी ब्रिटिश जीसीएसई या शालेय परीक्षेचं चिनी चालतं, पण त्यासाठी बाकीचे विषय इंग्रजीतून शिकवणारी शाळा मिळायला हवी. 1998 मध्ये मातृभाषा धोरण आलं तेव्हा अशी परवानगी फक्त 114 माध्यमिक शाळांना मिळाली होती. पुढे नियम सैल झाले, तरी चांगल्या इंग्रजी माध्यमासाठी रेटारेटी कायम आहे. त्यामुळे मुलासाठी इंग्लिश स्कूल्स फाउंडेशनच्या (ईएसएफच्या) शाळा किंवा इंटरनॅशनल. वर्षाची फी लाख हाँगकाँग डॉलरच्या वर जाते, शिवाय प्रवेशाच्या वेळी परत न मिळणारी मोठी रक्कम भरावी लागते. कंपनीशी शिक्षणभत्त्याचं बोलणं पत्रावर सही करण्याआधी करा. नंतर कुणी ऐकत नाही.

कागदपत्रांत एक चूक नेहमी होते: 'आधी पर्यटक म्हणून जाऊ, व्हिसा मागाहून येईल.' पर्यटकाच्या प्रवेशावर मुलाला शाळेत बसता येत नाही. आश्रिताच्या व्हिसाचा फॉर्म आयडी 997 वेळेवर भरा, चारेक ते सहा आठवडे धरा. जन्मदाखला, पासपोर्ट आणि प्रगतिपुस्तकात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमात फरक असेल तर तो इथेच, पुण्यात, दुरुस्त करून घ्या. शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. आपली वार्षिक परीक्षा एप्रिलपर्यंत आटोपते, म्हणून मे-जूनमध्ये पोहोचणं सोयीचं.

आता राजकारण. 30 जून 2020 ला फुटीरता, सत्ता उलथवणं असल्या गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, मार्च 2024 मध्ये त्याला जोड देणारा स्थानिक कायदा. पहिल्या कायद्याचं 38 वं कलम हाँगकाँगबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसालाही लागू आहे, तेव्हा पुण्यात बसून केलेली पोस्टही त्याच्या कक्षेत येऊ शकते. जानेवारी 2022 पासून सरकारी-अनुदानित शाळांत शाळेच्या दिवशी रोज चीनचा राष्ट्रध्वज फडकतो आणि आठवड्याला ध्वजवंदन होतं. राष्ट्रगीताची टर उडवली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तेराच्या पोराला निघण्याआधी नीट समजावून सांगा. बाकी रोजच्या जगण्यात हे सगळं तुमच्या अंगावर येणार नाही.

माध्यमिकच्या वरच्या वर्गांत 2009 पासून सक्तीचा असलेला 'लिबरल स्टडीज' (चालू सामाजिक प्रश्नांवर चर्चेचा विषय) 2021 मध्ये गेला, त्याजागी 'नागरिकत्व आणि समाजविकास' आला. त्यात मुख्य भूमीची अभ्याससहल असते. भारतीय पासपोर्टला चिनी व्हिसा लागतो, म्हणून वर्गशिक्षकांना महिनाभर आधी सांगा.

इतिहासाचं म्हणाल तर सर्वांत चक्रावणारी गोष्ट ही: 2022 च्या नव्या पाठ्यपुस्तकांत हाँगकाँग ही ब्रिटिशांची वसाहत नव्हतीच, त्यांनी फक्त वसाहतवादी सत्ता गाजवली, अशी मांडणी आहे. त्यामागचा युक्तिवाद असा, की अफूच्या युद्धानंतर हाँगकाँग ब्रिटनला देणारा 1842 चा नानकिंग तह आणि पुढचे असमान करार चीनने कधी मान्यच केले नाहीत. 1972 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाँगकाँगला स्वराज्य नसलेल्या प्रदेशांच्या (म्हणजे वसाहती वगैरेंच्या) यादीतून काढलं, तेही चीनच्याच मागणीवरून. 2020 च्या शालान्त परीक्षेतला, 1900 ते 1945 मध्ये जपानमुळे चीनचं भलं जास्त झालं की वाईट, हा प्रश्न तर परीक्षा झाल्यावर रद्दच केला गेला. मुलं जे शिकतील ते परीक्षेपुरतं लिहू द्या. भांडायला शाळेत जाऊ नका.

घरी मात्र आपली बाजूही दाखवा, कारण ती पुसट आहे. ज्या अफूवरून युद्ध पेटलं, तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती. हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी पैसा देणारे होरमसजी मोदी मुंबईचे पारशी. त्सिम शा त्सुईतला मोदी रोड त्यांच्याच नावाचा. डिसेंबर 1941 मध्ये जपान्यांशी लढताना पडलेल्या राजपूत आणि पंजाब पलटणीच्या जवानांची नावं साइ वान युद्धस्मशानभूमीत कोरलेली आहेत. एखाद्या रविवारी चाइ वान मेट्रोने उतरून मुलांना तिथे घेऊन जा.