लुगड्यांचे गाठोडे आधी शोधा

पत्राचा सारांश : इचलकरंजीत माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. मुलगी विज्ञान शाखेतून बारावीला ८६ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला प्रवेश घे, असे आम्ही सांगतो. ती मात्र वर्षभर थांबून हातशिलाईची वस्त्रकला शिकायची म्हणते. माझी आई गेल्या दिवाळीत वारली. तिच्या लुगड्यांचे तुकडे जोडून मुलगी रात्ररात्र शिवत बसायची. शेवटी तिच्या आईने ते गाठोडे बोहारणीला देऊन दोन स्टीलचे डबे घेतले. त्याला पंधरा दिवस झाले. मुलगी बोलत नाही, धड जेवतही नाही. एक अर्धा तुकडा तिने लपवून ठेवला होता, तो मी पाहिला. इंचाला सात टाके आहेत, काठ उभे लावले आहेत, मध्ये काळ्या चंद्रकळेचा गोल आहे. ती त्याला आजीची विहीर म्हणते. कापड ते कापडच, मग इंजिनिअरिंगला काय हरकत आहे? अगदीच नाही म्हणाली तर फॅशन डिझायनिंगला घालू. हे वेड कसे काढावे?

उत्तर :

महोदय,

आपले पत्र टक्केवारीने सुरू होते आणि वेड कसे काढावे या प्रश्नावर संपते. मला मात्र काळजी वाटली ती मधल्या डब्यांच्या ओळीची. ती ओळ लिहून आपण लगेच पुढे गेला आहात. ज्या आजीला जाऊन वर्षही झालेले नाही, तिच्या अंगावरची वस्त्रे नातीच्या हातून काढून घेतली गेली आणि त्यांच्या बदल्यात आलेले डबे आता रोज तिच्या डोळ्यांसमोर मांडणीवर आहेत. तिचे जेवणावरून लक्ष उडाले याचे मला नवल वाटत नाही. माणूस गेल्यावर घरातली मोठी माणसे दिवस करतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात आणि हळूहळू सावरतात. या मुलीने आपले सावरणे सुई-दोऱ्यावर सोपवले होते. तिच्या अबोल्याला आपण हट्ट म्हणत असाल, आणि थोडा हट्ट त्यात असेलही, पण त्याखाली जे आहे ते ओळखल्याशिवाय कोणत्याही अभ्यासक्रमाबद्दल बोलणे व्यर्थ आहे.

म्हणून प्रवेशाचे अर्ज आठवडाभर बाजूला ठेवा. आपण दोघांनी तिच्यासमोर बसून, आमचे चुकले, हे स्पष्ट शब्दांत म्हणावे. त्यानंतर ‘पण’ जोडून अभ्यासाचा विषय काढू नये. बोहारणीची आळी बहुधा ठरलेली असते; ती पुन्हा येईल तेव्हा विचारा, नाहीतर तिचा ठावठिकाणा काढून तिला गाठा. गाठोड्यातले एखादे लुगडे जरी मिळाले तरी ते परत आणा, आणि काहीच मिळाले नाही तर तसे तिला खरे सांगा. तिची झोप आणि जेवण चार-आठ दिवसांत पूर्वपदावर आले नाही, तर आधी आपल्या डॉक्टरांना आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आपल्याच पत्रातील एक गोष्ट मला आपणास दाखवायची आहे. जो तुकडा आपल्याला वेड वाटतो, त्याचे टाके आपण मोजले आहेत. आयुष्यभर भिंग लावून इंचातले पिक, म्हणजे कापडातले आडवे धागे, मोजणाऱ्या माणसाने मुलीच्या शिलाईकडेही त्याच नजरेने पाहिले, काठ उभा की आडवा हे टिपले, चंद्रकळा ओळखली. इतक्या बारकाईने तिच्या कामाकडे पाहणारा दुसरा माणूस तिला सध्या घरात नाही. टाके मोजल्याचे तिला सांगितले आहे का? नसेल तर सांगा.

आता ‘कापड ते कापडच’ या समजाविषयी, कारण पुढची सारी गफलत त्यातून झाली आहे. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगमध्ये सूत, माग, रंगप्रक्रिया आणि उत्पादन यांचे शास्त्र शिकवतात. ते उत्तम शास्त्र आहे आणि आपल्या गावातच त्याचे नावाजलेले महाविद्यालय आहे, पण तिथे मुलीच्या हातातल्या सुईला काम नाही. फॅशन डिझायनिंग म्हणजे मुख्यतः अंगावर घालायच्या कपड्याची रचना, कटिंग आणि बाजार. शिवणकामाची आवड दिसली की मुलीला तिकडे घालायचे, ही पालकांची सवय मी वर्षानुवर्षे पाहते आहे आणि त्यात अनेक चांगले हात नको त्या वर्गात बसलेले पाहिले आहेत. टेक्स्टाइल डिझाइन हे त्याहून निराळे. त्यात विणकाम, छपाई, भरतकाम यांची रचना शिकवतात आणि तिला जवळचे असेल तर तेच. आणि ती आज जे करते आहे, कापडाचे तुकडे आणि धावदोरा घेऊन एका विहिरीची आठवण मांडते आहे, ते चौथेच आहे. त्याची जागा चित्र-शिल्पाच्या शेजारी आहे. बंगालचा कांथा, म्हणजे तिथली पारंपरिक हातशिलाई, याच साध्या धावदोऱ्यावर उभा आहे आणि त्या कामासाठी प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया, ज्यांचे अनेक पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामगिरीतून पळून घाटावरच्या जंगलांत गेले, जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत टाके मध्यापर्यंत नेतात. आपल्या मुलीने मध्यावर विहीर ठेवली आहे. कवंदी तिला अवश्य दाखवा.

टेक्स्टाइल डिझाइनच्या प्रवेशाचे ठरलेले मार्ग म्हणजे एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) यांच्या प्रवेश परीक्षा. कोणत्याही शाखेची बारावी चालते, आणि या परीक्षा प्रवेशाच्या आधीच्या हिवाळ्यातच सुरू होत असल्याने यंदा अर्ज भरला नसेल तर एक वर्ष थांबणे ओघानेच आले.

पैशाबद्दल आपल्या मनात भीती असेल, तर ती मात्र खरी आहे. तीन फूट बाय चार फुटांच्या तुकड्यावर पाव-पाव इंचावर उभे दोरे घातले तर १४४ ओळी होतात, म्हणजे ५७६ फूट शिलाई. इंचाला सात टाक्यांनी अठ्ठेचाळीस हजारांवर टाके. तासाला आठ फूट शिवणाऱ्या हाताला ७२ तास लागतील. तो तुकडा अंथरूण म्हणून तीन हजारांना विकला तर तासाला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. गोधड्या विकून ती पोट भरेल, असे मी आपणास सांगणार नाही. हेच काम भिंतीवरची कलाकृती म्हणून विकले जाऊ शकते, पण त्याला नाव व्हावे लागते आणि नाव व्हायला वर्षे जातात. तोवर दुसरा पगार हवा. तो पगार याच हातांवर मिळू शकतो. बड्या भरतकाम कारखान्यांना नमुने बसवणारी जाणकार माणसे लागतात. मुंबईत चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट २०१६ पासून स्त्रियांना हाताचे भरतकाम शिकवते, आणि ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियापाशी दिओर या फ्रेंच कंपनीचा जो कार्यक्रम झाला, त्याचे भव्य तोरण चाणक्यच्याच कारागिरांच्या हातचे होते. संग्रहालयांत जीर्ण वस्त्रे बारीक सुईने आधाराच्या कापडावर टाचून वाचवावी लागतात. विज्ञान शाखेची आणि नेटक्या हाताची मुलगी त्या कामाला फार योग्य ठरेल, कारण तिथे रसायनशास्त्र कळावे लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र तिने एकदा पाहावे.

थांबायच्या वर्षात मात्र घरात बसून चालणार नाही. रोज चित्र काढणे, आठवड्याला परीक्षेचा सराव, वर्षभरात चार पूर्ण कामे, आणि प्रत्येक कामाची तारीख, कापड, लागलेले तास यांची वही. हिशेबाची वही कशी ठेवायची हे तिला आपल्याइतके चांगले कोणी शिकवणार नाही. जमल्यास तिला भुजजवळ अजरखपूरला न्या. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी सुरू केलेल्या ‘श्रुजन’ने तिथे भरतकामाचे संग्रहालय उभे केले आहे. आपण दोघांनी बरोबर जावे. कापड आपल्यालाही कळते.

आणि एक विनंती. संपूर्ण पत्रात तिचे स्वतःचे वाक्य एकच आहे, आजीच्या विहिरीचे. पुढचे पत्र तिने लिहावे, आपण ते वाचू नये, आणि तिची इच्छा असेल तर सोबत त्या तुकड्याचे दोन फोटो पाठवावेत, एक सुलट बाजूचा आणि एक उलट बाजूचा. गाठी कुठे मारल्या आहेत ते मला पाहायचे आहे.