तीस लाइफचा कोड न मारता कॉन्ट्रा शेवटपर्यंत खेळता येतो का?

तुमचे प्रश्न दोन: कोडशिवाय कॉन्ट्रा हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम संपतो का, आणि दोघांनी खेळलं तर सोपं जातं का?

संपतो. मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत वाढलो. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या ज्या घरात टीव्ही गेम असेल तिथं दुपारी आम्ही सगळे जमायचो. कॅसेट खोचली, टीव्हीचा चॅनल जुळला, की पहिला हात तीस लाइफ देणाऱ्या कोडवर. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो कोड मुळात कॉन्ट्रासाठी बनलेलाच नव्हता. कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रेडियस या दुसऱ्याच गेमची घरगुती आवृत्ती करताना तो घातला, कारण तपासणीसाठी तो गेम पूर्ण खेळणं त्यांनाच जड जात होतं. कॉन्ट्रा आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, १९८७ ला आला, घरच्या मशीनवर १९८८ ला. कोड तिथं नुसता सोबत आला आणि त्याचंच नाव जास्त झालं.

तीस लाइफ असल्या की माणूस मरत मरत पुढं जातो. आठही स्टेज डोळ्यांखालून जातात, पण हाती एकही लागत नाही. तीन लाइफवर खेळताना, जिथं एक गोळी लागली की एक लाइफ गेली, तिथं तुम्ही थांबून बघायला लागता. आणि हा गेम बघण्याचाच आहे. भिंतीतल्या तोफा, झुडपातला बंदूकवाला, पुलाचा स्फोट, सगळं दर वेळी त्याच जागी. फक्त पळत येणारे शिपाई मोजून येत नाहीत. एका जागी उभे राहिलात तर ते येतच राहतात. म्हणून तोफ दिसली की ती कुठून गोळी टाकते ते बघा, तिला पाडा आणि लगेच पुढची जागा धरा.

नजर कुठं ठेवायची हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझे आजोबा खासबागेत कुस्ती बघताना पैलवानाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. पायांकडे बघत, डाव तिथंच आधी कळतो म्हणत. इथंही आपल्या माणसाकडे बघू नका. तो कुठं आहे हे अंगठ्याला माहीत असतं. नजर उजव्या कडेवर ठेवा, गोळी बहुतेक तिथूनच येणार. माझी भाची हल्ली माझ्याकडे हा गेम शिकते. तिला मी एकच सांगत असतो, "पळू नगस, आधी बघ की!"

वाटेत बंदुकांची अक्षरं पडतात, त्यांतलं एस धरा. पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटतात, वर-खाली नेम धरत बसावं लागत नाही. जवळ जाऊन मारलं की पाचही एकालाच बसतात. मोठ्या शत्रूजवळ जायचं धाडस करा ते यासाठी. एस हातात असताना एल किंवा एफ पडला तर त्याला शिवू नका, वरून उडी मारा, कारण अक्षराला लागलात की बंदूक बदलते. एलचा किरण ताकदवान आहे, पण बटण परत दाबलं की आधीचा किरण तुटतो; घाईच्या हाताला तो उपयोगाचा नाही. आर मात्र सोडू नका. ती बंदूक नव्हे, गोळीचा वेग वाढतो. मेलात की हे सगळं जातं, म्हणून एक लाइफ जाणं म्हणजे खरं तर बंदूक जाणं. माझ्या मते या गेमची सगळी गंमत या एका नियमात आहे.

दुसरी आणि चौथी स्टेज, ते आत आत जाणारे तळ, लोक उगाच घाबरतात. तिथं आडवं पडलं की समोरच्या गोळ्या वरून जातात. घरंगळत येणाऱ्या गोष्टींसाठी तेवढी उडी. पहिल्या स्टेजच्या पाण्यात खालचं बटण दाबलं तर माणूस बुडी मारतो आणि त्याला काहीच लागत नाही, फक्त गोळी झाडता येत नाही. दम घ्यायला ही जागा उत्तम.

सरावासाठी जुनं मशीनच हवं असं नाही. २०१९ च्या कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये आर्केड आणि घरगुती, दोन्ही आवृत्त्या आहेत, मध्येच सेव्हही करता येतं. अडलेली स्टेज तेवढी सेव्ह करून पुन्हा पुन्हा खेळा, मग एकदा सेव्हशिवाय सलग. नव्या टीव्हीवर गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि दोष तुम्ही स्वतःला देता.

आता दुसरा प्रश्न. दोघांनी खेळणं पहिल्या स्टेजला सोपं, तिसरीला अवघड. तिसरी स्टेज धबधब्याची, वर चढायची. स्क्रीन वर सरकते ती पुढच्या माणसाबरोबर, आणि खालच्या कडेबाहेर गेलेला मागचा गडी जागेवर मरतो. आमच्याकडे भावाभावांची सगळ्यात जास्त भांडणं इथंच झाली. म्हणून आधीच ठरवा: मागच्याने "ये" म्हटल्याशिवाय पुढच्याने उडी मारायची नाही. आणि ज्याच्याकडे साधी बंदूक आहे, पुढचा एस त्याचा. दोघांच्या हातात एस असेल तर धबधब्यावरचा तो दोन हातांचा राक्षस लवकर पडतो. एकाने डावा हात घ्यायचा, एकाने उजवा, आणि मारायचं ते हाताच्या लाल टोकावर.